फिरती पेटी आणि कोरी फ्लॉपी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. झाकणाला पोचे आले आहेत, कडांना गंज चढला आहे. भरे गावात प्रभावतीबाईंच्या घरी, खिडकीखाली माझी जागा आहे. लोकांना वाटते, पेटी म्हणजे मुकी वस्तू, तिला कसला हेवादावा? पण मला हेवा वाटला होता, आणि तो कसा वाटला ते आज सांगून टाकावे असे मनात आले आहे.

माझा जन्म एकोणऐंशी साली पौडच्या बाजारात झाला. जैनुद्दीन पत्रेवाल्यांनी मला घडवले. त्यांचा मुलगा महंमद शेजारीच रेडिओ दुरुस्त करीत असे. त्याने मला हिरवा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नऊ नावे लिहिली. ती नावे हेच माझे कूळ.

त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. मोठ्या कारखान्यांत आणि बँकांतच तो असे. त्याने काय करायचे हे लिहून देणाऱ्यांना प्रोग्रॅमर म्हणत. पौडपासून चिंचवडपर्यंत असे आठ प्रोग्रॅमर एकमेकांना नावाने ओळखत होते, पण भेटीगाठी होत नव्हत्या. प्रत्येकाच्या कारखान्याची सुट्टी वेगळी. तेव्हा त्या आठांतल्याच प्रभावतीबाईंनी युक्ती काढली. एक पेटी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायची. पेटी आली की सगळ्यांची पत्रे वाचायची, आपले जुने पत्र काढायचे, नवे ठेवायचे आणि पेटी पुढे धाडायची. नववा महंमद. तो प्रोग्रॅमर नव्हता, पण यंत्राच्या पोटातले त्याला सगळे कळत असे.

काय दिवस होते ते! परदेशी मासिकांतल्या बातम्या हाताने उतरवून माझ्यात यायच्या. कुणी कळवायचे, की टेबलावर मावेल असा संगणक निघाला. दुसरा लिहायचा, थापा आहेत. छिद्रांची कार्डे बरी की पडदा बरा, यावर दीड वर्ष वाद चालला. दुसऱ्याच्या पत्राच्या समासात लिहायचे नाही असा नियम होता आणि तो सगळेच मोडीत. माझे झाकण धड लागत नसे, इतकी मी भरलेली असे. ज्या घरी जाईन तिथे आधी मला पुसायचे, मग चहा मांडायचा. चांगुणाबाई, म्हणजे प्रभावतीबाईंच्या आई, मी आले की म्हणत, "आली बाय तुमची पंचायत." मला ते फार आवडे.

सगळ्यांत मोठा वाद बावधनच्या साहेबरावांचा आणि प्रभावतीबाईंचा. साहेबराव वयाने आणि हुद्द्याने मोठे. संगणकाच्या स्मृतीत जागा कमी आणि ती महाग, म्हणून सन लिहिताना दोनच आकडे ठेवावेत, पंचाऐंशीचे पंचाऐंशी, मागचे अठराशे-एकोणीसशे कशाला, असे त्यांचे मत. प्रभावतीबाई म्हणत, चार आकडे हवेत. शंभरी ओलांडलेले माणूस यंत्राला तान्हे वाटेल आणि दोन हजार साल उजाडले की सगळाच घोटाळा होईल. साहेबरावांनी लिहिले, तोवर ही यंत्रे भंगारात जातील, आणि शंभरीची माणसे आहेत तरी किती? मी दोघांची पत्रे एकावर एक घेऊन हिंडत होते.

त्र्याऐंशी साली एस.टी.च्या टपावरून पडून माझी कडी तुटली. महंमदने रेडिओच्या जळलेल्या कर्ण्यातला लोहचुंबक काढून माझ्या झाकणाच्या आत, पुढच्या कडेला बसवला. झाकण टक्कन बसू लागले. मी तो आवाज मिरवू लागले.

आणि मग फ्लॉपी आली.

पंचाऐंशी साल असावे. काळी, चपटी, पापडासारखी वस्तू. तिच्यात म्हणे शंभर पानांचा मजकूर मावतो. पहिली फ्लॉपी साहेबरावांनी सदऱ्याच्या आत छातीशी धरून नेली. मला कुणी असे धरले नव्हते. हळूहळू मंडळी फ्लॉप्या परस्पर एकमेकांच्या हाती देऊ लागली. माझ्यात पत्रे कमी पडू लागली. चिंचवडला मी अकरा दिवस टेबलाखाली पडून होते, माझ्यावर पाय ठेवून लोक बसत. बसथांब्यावर आता "पेटी आली का?" असे विचारीत नसत, "फ्लॉपी आली का?" विचारीत. सवत घरात आल्यावर बाईला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळले. मी लोखंडाची, पण जळत होते.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये साहेबरावांनी आव्हान दिले. चार आकडे ठेवूनही जागा पुरते, असा प्रोग्रॅम करून दाखवा, मग बोला. प्रभावतीबाईंनी दोन महिने जेवणाच्या सुट्टीत बसून तो केला. ऑफिसात दुसरी फ्लॉपी मिळत नव्हती, म्हणून प्रोग्रॅमची एकच प्रत होती. ती त्यांनी आईच्या जुन्या खणाच्या तुकड्यात गुंडाळली आणि सगळ्या पत्रांच्या वर, अगदी झाकणाशी ठेवली. झाकण टक्कन बसले.

मित्रांनो, माझ्या पोटात बसून ती माझाच मान खात होती. बावधनपर्यंतच्या वाटेत मी एकच मागत होते, हिचे काही बरे होऊ नये.

साहेबरावांनी ती ऑफिसातल्या यंत्रात घातली. यंत्र कुरकुरले आणि पडद्यावर काहीच आले नाही. त्यांनी तीनदा घातली. फ्लॉपी कोरी होती. मी शेजारीच होते आणि मला आनंद झाला. साहेबरावही गालात हसले, तेव्हा वाटले, हा माझ्याच जातीचा. एका तरुण बाईची हुशारी त्यांनाही सलत होती. त्यांनी पत्रात लिहिले, "भरेहून कोरी पाटी आली आहे. वाद संपला." पुढच्या घरी त्या ओळीखाली कुणीतरी "हा हा" लिहिले, त्याच्या पुढच्या घरी आणखी कुणी.

मी भरेला परत आले. प्रभावतीबाईंनी ते पत्र उभ्यानेच वाचले. चेहरा हलला नाही. आईने विचारले तर एवढेच म्हणाल्या, "माझंच चुकलं आसंल. भरताना काय तरी ऱ्हाऊन गेलं." आपले जुने पत्र त्यांनी काढून घेतले आणि नवे ठेवले नाही. पुढच्या तीन फेऱ्यांत त्यांची चिठ्ठीही नव्हती. मला वाटले होते, फ्लॉपीची फजिती झाली की पत्रे परत येतील. पण बाई गप्प झाल्या, वाद सरला, आणि बाकीच्यांकडेही लिहिण्यासारखे उरले नाही. माझ्यात तळाला दोन-तीन कागद खडखडत.

चौथ्या फेरीत मी महंमदच्या दुकानात होते. त्याने हातातला पेचकस माझ्या उघड्या झाकणावर ठेवला आणि तो तिथेच चिकटून लटकला. महंमद त्याच्याकडे बघतच राहिला. मग दुकान तसेच टाकून, मला सायकलला बांधून त्याने भरे गाठले.

"परभाताई, तुमचं काय बी चुकलं न्हाई," दारातूनच तो म्हणाला. "फ्लॉपी चुंबकानं पुसली जाती. आन् चुंबक मी बसवलाय हिच्यात."

प्रभावतीबाईंनी झाकणातल्या चुंबकावरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी मी नीट केलं हुतं."

"नीटच केलं हुतं, ताई."

त्या आत गेल्या आणि चुलीशी बसून रडल्या. मला ते ऐकू येत होते. महंमदने तिथेच चुंबक उचकटून काढला. लोक माझ्यावर नव्हे, त्याच्यावर बोट ठेवणार होते. तरी घडले ते त्याने पत्रात लिहून, खाली सही करून माझ्यात ठेवले. साहेबरावांनी उत्तर पाठवले, की असे असेल तर प्रोग्रॅम पुन्हा धाडावा. माफीचा शब्द नव्हता. प्रभावतीबाईंनी कळवले, एकदा पाठवला आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. त्या दिवशी मी कंडक्टरच्या हाती आले नाही. साहेबराव स्वतः मला घेऊन भरेला आले. चांगुणाबाईंनी घोंगडी अंथरली. साहेबराव बसले आणि माझ्यातून एक छापील चिठ्ठी काढून त्यांनी पुढे केली. कारखान्याच्या दवाखान्याची ती चिठ्ठी संगणकाने काढली होती. कामगारांच्या घरच्यांची वये मांडणारा प्रोग्रॅम साहेबरावांचाच. चिठ्ठीत लिहिले होते, गोजराबाई, वय वर्ष एक, हिला पोलिओचा डोस पाजण्यासाठी आणावे.

गोजराबाई म्हणजे साहेबरावांच्या आई. जन्म अठराशे पंचाऐंशीचा. साहेबराव त्यांचे शेंडेफळ.

प्रभावतीबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग साहेबरावच म्हणाले, "आई इचारत हुती, डोस गोड आसतोय का."

आधी चांगुणाबाईंना हसू फुटले, मग प्रभावतीबाईंना. साहेबराव मात्र हसले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "बाई, ती फ्लॉपी कोरी निघाली तवा मला बरं वाटलं हुतं. ते सांगायला आलोय. चिठ्ठीचं निमित्त झालं."

प्रभावतीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "चहा घ्या," त्या म्हणाल्या, "आन् मंग वही काडा. आठवतंय तेवडं सांगते."

दोघे अंधार पडेपर्यंत लिहीत होते. बाईंना ओळ अन् ओळ आठवत होती. चौतीस पाने झाली. त्या फेरीत मी पुन्हा जड झाले, झाकण दोरीने बांधावे लागले. मला हवे तेच मिळाले होते. पण दोन महिने उपाशीपोटी केलेले बाईंचे काम पुसले गेले त्या दिवशी मी आनंदाने हिंडले होते, आणि ते ओझे पानांहून जड होते.

पुढे प्रत्येकाच्या टेबलावर संगणक आला आणि माझ्या फेऱ्या थांबल्या. फ्लॉप्या प्लॅस्टिकच्या सुबक डबीत राहू लागल्या. त्यांचा हेवा मला अजूनही वाटतो, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर वर्षातून एकदा रंगाचा हात फिरवा, गंज लागू देऊ नका, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. कुणाची मेहनत वाया गेल्याचे कानावर आले, तर समासात "हा हा" लिहिण्याआधी त्याच्या दारी जाऊन काय झाले ते विचारा. महंमद दुकान उघडे टाकून गेला. साहेबराव उशिरा का होईना, गेले. मला पाय नाहीत, असे म्हणून मी सुटू शकले असते. पण पाय असते, तरी त्या वेळी मी गेले नसते.