डावीकडं ओढणारा ढवळ्या

रामप्रसादनं बॅगेची चेन ओढली आणि तनुजा दार अडवून उभी राहिली. कारण त्या बॅगेत, त्याच्या जीन्स आणि टी-शर्टांच्या मधोमध, व्हिडिओ गेमचा डबा बाळासारखा गुंडाळून झोपवलेला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"दादा, डबा कुठं चालला?"

"गावाकडं, कन्नडला. माझ्यासोबत. सुट्टीभर."

"आन् मी काय करू सुट्टीभर?"

"तू गच्चीवर कुरडया राख. कावळे लई झालेत."

रामप्रसाद म्हणजे तिच्या थोरल्या काकांचा मुलगा. कॉलेजसाठी वर्षभर सिडकोत तनुजाच्याच घरी राहिला होता. परीक्षा संपली आणि आज दुपारच्या एसटीनं तो घरी निघाला होता. डबा मात्र दोघांचा होता. तात्यासाहेबांनी, म्हणजे दोघांच्या आजोबांनी, दिवाळीत शहागंजच्या बाजारातून घासाघीस करून तो जुना उचलून आणला होता. सोबत दोन कंट्रोलर मिळाले. काळा एकदम लोणी. पांढऱ्याची अंगठ्याखालची दांडी मात्र, हात लावा नाहीतर नका लावू, हळूच डावीकडं ओढायची. तात्यांनी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "आदत हो जाती, चाचा." तात्यांच्या औताला पूर्वी असाच डावीकडं ओढणारा बैल होता. त्याच्यावरून पांढऱ्याचं नाव पडलं ढवळ्या.

घरचा कायदा साधा होता: गाड्यांच्या शर्यतीत जिंकेल तो काळा धरील. पहिल्या दिवशी रामप्रसाद जिंकला आणि काळा त्याच्या हाताला जो चिकटला तो चिकटलाच.

ढवळ्यानं तनुजाचा काय काय तमाशा केला! फुटबॉलमध्ये तिचा खेळाडू बॉल घेऊन झोकात गोलकडं निघायचा आणि घरी गॅस चालू राहिल्याचं आठवल्यासारखा मैदानाबाहेर चालता व्हायचा. उड्या मारायच्या गेममध्ये ढगावर उभं राहून विचार करायची सोयच नव्हती, थांबली की खाली! स्वयंपाकाच्या गेममध्ये दोघांनी मिळून हॉटेल चालवायचं, तर तिचा आचारी कांदा चिरता चिरता सरळ शेगडीत शिरायचा. तरी तो गेम तिला भारी वाटायचा. रामदादानं घामाघूम होऊन "तने, ताटं धू ना गं!" म्हणून गयावया करावी आणि आपण "नाय धूत, जा" म्हणावं, असं सुख दुसऱ्या कुठल्या गेममध्ये होतं? कुस्तीच्या गेममध्ये तर ढवळ्या तिला फळायचाच. तिचा पैलवान आपोआप मागं सरकायचा, समोरच्याला वाटायचं घाबरला, तो जवळ आला की दणका.

राहिली गाड्यांची शर्यत. ती तिला जिवापाड आवडायची आणि तिथंच ती सारखी हरायची. अलीकडं अगदी थोडक्यात हरायची, पण तिकडं तिचं लक्ष कुठं होतं? हरली की ती ढवळ्याला शिव्या घालण्यात गुंतलेली.

आता डबाच चालला म्हटल्यावर तिनं थेट दिवाणावरच्या तात्यांकडं धाव घेतली. "तात्या, बघा ना हा!"

तात्यासाहेबांनी पंचा खांद्यावर टाकला. "भांडू नका. एसटीला टाइम आहे. गाड्यांच्या तीन शर्यती लावा. दोन जिंकील त्याचा डबा."

"चालेल," रामप्रसाद हसला. "मी आताच जिंकलो समजा."

"पण आज काळा मी धरणार!" तनुजा म्हणाली. "कायम त्या भंगारामुळंच हरते मी."

"दे रे तिला," तात्या म्हणाले.

रामप्रसादनं डबा बॅगेतून काढून टीव्हीला जोडला. अखेर काळा तिच्या हातात आला! तनुजानं ऐटीत मांडी घातली, हिरवा दिवा लागला आणि तिची गाडी धाडकन उजव्या भिंतीवर जाऊन आदळली. सरळ केली, पुन्हा उजवीकडं. तिकडं ढवळ्यानं रामप्रसादला डाव्या भिंतीवर नेलेलं. दोन्ही गाड्या दारू पिऊन घरी निघाल्यासारख्या रस्ताभर घासत निघाल्या आणि रामप्रसाद कसाबसा आधी पोचला.

"आता बोल! रिमोट खराब व्हय?"

तनुजाचे कान तापले. तिनं अंगठ्याकडं पाहिलं. काळा तर नीट होता. तिचा अंगठाच उजवीकडं रेलत होता. दिवाळीपासून ढवळ्याला सांभाळता सांभाळता त्याला तशी सवयच जडली होती, आणि तिला पत्ता नव्हता!

"दादा, ढवळ्या दे इकडं."

"खरंच?" त्यानं तो असा झटकन दिला, की जणू हातात पाल होती. "घे बाई, घे!"

दुसऱ्या शर्यतीत काळा घेऊनही रामप्रसाद मागं राहिला. "नशीब," तो म्हणाला, पण पाठ टेकून बसलेला आता पुढं सरकून बसला.

तिसरी शर्यत घाटातली. दोघं अगदी खेटून. आई हाताला कुरडयांचा चीक तसाच घेऊन दारात येऊन उभी राहिली. शेवटचं वळण तळ्याकाठचं, लांबलचक, डावीकडं, संपता संपत नाही असं. रामप्रसाद थोडं वळवी, थोडं सावरी, पुन्हा वळवी.

तनुजानं अंगठा उचलला. दांडी सोडूनच दिली!

"अगं, धर!" आई ओरडली.

पण ढवळ्याला डावीकडंच तर जायचं होतं. त्यानं गाडी वळणाच्या कडेकडेनं अशी अल्लाद नेली, की तळ्याच्या पाण्यात बोट बुडवत चालल्यासारखी. "कासरा सैल सोडला बघ पोरीनं!" तात्या दिवाणावरून ओरडले. रामप्रसादनं घाईत जास्तच वळवली, कठडा लागला, ठिणग्या उडाल्या आणि तनुजा शेजारून सपकन पुढं. वळण संपलं, अंगठा खाली, रेष पार!

"ढवळ्याऽऽऽ!" ती दिवाणावर चढून नाचली, आईला मिठी मारून चीक स्वतःच्या फ्रॉकला लावून घेतला, तात्यांच्या हातावर टाळी दिली. दिवाळीपासून ती हरत नव्हतीच मुळी, ती शिकत होती, आणि हे आत्ता तिला कळत होतं.

रामप्रसादनं टीव्हीच्या वायरीला हात लावला नाही. बॅग उघडून गेमच्या राहिलेल्या सीड्याही बाहेर ठेवल्या. बॅगेचं पोट एकदम खपाटीला गेल्यासारखं दिसायला लागलं. दारात तो घुटमळला.

"तने, नुसता काळा तरी नेऊ का?"

"ने की! बांधावर बसून बटणं दाब."

"आन् तुला?"

"माझं काय अडलंय?" तिनं ढवळ्या छातीशी धरला. "पण जूनमध्ये घेऊन ये. समोर हरायला कुणीतरी लागतं ना!"