पिठातला सोंडकिडा

फागूजी मडावी काडेपेटीत मेलेला किडा घेऊन कॉलेजात आले तेव्हा मी बी.एस्सी.च्या पोरांवर खेकसत होते. अर्जुनी मोरगावात मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि तालुक्यात कोणाच्याही तांदळात सोंडे झाले की माणूस थेट माझ्याकडे येतो. मला वैताग येतो. सोंडकिड्यांवर मी डॉक्टरेट केली ती काही लोकांचे तांदूळ निवडायला नाही.

पण काडेपेटी उघडली आणि मी ती थेट खिडकीच्या उजेडात नेली. बोटाच्या पेराएवढा काळा सोंडकिडा, पाठीवर तांबूस ठिपके, पुढच्या मांडीवर टोकदार दात. असला किडा आपल्याकडे नाहीच.

"पेटीच्या लाकडातून निंगाला," फागूजी म्हणाले. "आमच्या घराच्या लाकडाले लागन का, तेवढं सांगा."

पेटी त्यांच्या पुतण्याची होती. योगराज बोअरवेलच्या मशीनवर कामाला मोझांबिकला गेला होता आणि तापाने तिथेच गेला. तिकडच्याच लाल लाकडाच्या पेटीतून तो घरी आला. त्याला गावच्या रीतीने माती दिली आणि पेटी गोठ्यामागे टाकली. जाळायलाही कोणी हात लावेना.

मी पुस्तकं पालथी घातली, परदेशी संग्रहालयांतले फोटो डोळे फुटेस्तोवर पाहिले. आफ्रिकेतल्या एका गटात तो किडा बसत होता, पण त्या गटातल्या कोणाशीच जुळत नव्हता. म्हणजे जगात त्याला अजून नाव नव्हतं, आणि ते मी देणार होते! अडचण एकच. माझ्या हातात होती ती मादी. सोंडकिड्यांत नराचं पोट उघडून आतले अवयव पाहिल्याशिवाय जात पक्की होत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी स्कूटी काढली आणि इटियाडोह धरणाच्या बाजूचं त्यांचं गाव गाठलं.

पेटीत नुसती भोकं आणि भुसा. मी चरफडत उठले, तेव्हा फागूजी हळूच म्हणाले, "एक जित्ता आहे. पर तो वयनीजवळ आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी की माणूस गेल्यावर तळ्यावर जाऊन त्याला नावाने हाक मारायची. पाण्यातून जे जिवंत हाताला लागेल, मासोळी म्हणा, किडा म्हणा, ते नव्या मडक्यात घालून घरी आणायचं. तो त्याचा जीव. घरात तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घालायची, आणि सकाळी पिठात पावलं उमटली की जीव घरी आला. मग त्याला जुन्या माणसांत, म्हणजे घरातल्या गेलेल्या वाडवडिलांच्या जिवांत, बसवायचं. दुर्पताबाईंनी, म्हणजे योगराजच्या आईने, तळ्यावर खूप हाका मारल्या. हाताला काहीच लागलं नाही. रिकामं मडकं घेऊन त्या परतल्या, तरी हट्टाने पीठ पसरलं. सकाळी टोपली उचलली तर पिठात बारीक पावलं, आणि मधोमध हा बसलेला.

"पेटी गोठ्यामागेच आहे ना," मी म्हणाले. "तिथून आला असेल चालत."

"तेच म्हनतो मी. पेटीतला असंल त तिकडचा. कोनाचा जीव आहे, कोनाले मालूम? दुसऱ्याचा जीव आपल्या बुढ्याईत बसवला त घर बसते, मॅडम. तुमी हे ओळखता. इथला आहे का तिकडचा, सांगा. तुमी म्हनान तसं करू."

दुर्पताबाई आत मडक्याशी बसल्या होत्या. माझ्याकडे अशा पाहत होत्या, जशी मी दवाखान्यातली डॉक्टरीण.

मी चिमट्याने मडक्यातल्या किड्याला स्पर्श केला. त्याने पाय पोटाशी घेतले आणि तो आडवा पडला. मेल्याचं सोंग सोंडकिडे घेतातच. मी फुंकर मारली. काही नाही. मग दुर्पताबाई वाकल्या.

"योगराज, उठ बाबू. बाई आली पाहाले."

पाय उलगडले. तो उठून उभा राहिला.

श्वासाची ऊब, मी मनात म्हटलं. पुन्हा त्याला डिवचून आडवं केलं आणि, सांगायला लाज वाटते, मीही हाक मारून पाहिली. "योगराज." तो ढिम्म. त्या बोलल्या आणि तो परत उठला. मला राग आला. किड्याने माझा असा अपमान आजवर केला नव्हता.

भिंग डोळ्याला लावलं. आखूड खरबरीत सोंड, पोट खालून खोलगट. नर! आनंद लपवायला मला जड गेलं.

"हा आपल्याकडचा नाही," मी म्हणाले. "आफ्रिकेतला आहे. शंभर टक्के."

"झालं," फागूजी म्हणाले. "घेऊन जा."

दुर्पताबाई रडल्या नाहीत. "काय करशीन त्याचं?"

"मारावं लागेल. मग वर्णन लिहून नाव द्यायचं." त्यांचा चेहरा पाहवेना, म्हणून मी मोठेपणाने म्हणाले, "मावशी, योगराजचंच नाव देते. जगभर राहील."

"नोको," त्या एकदम कडाडल्या. "नाव त्याले देशीन त माया पोराले कायच्या नावानं बलावू? तो अजून घरी यायचा आहे."

त्यांनी मडकं माझ्यापुढे उपडं करून किडा जमिनीवर सोडला, मग तेच मडकं उचलून दोघं परत तळ्याकडे निघाले. मी मागे थांबले. औषधाचा बोळा घातलेल्या काचेच्या नळीत किडा टाकला, बूच लावलं. तो थोडा तडफडला आणि पडला. नळी खिशात घालून मी पेटीतली भोकं पुन्हा एकदा चाचपली आणि निघाले.

रस्ता तळ्याच्या पाळीवरूनच जातो. भर दुपारी पाणी अगदी निपचित होतं, वारा नाही, पाखरू नाही. दुर्पताबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, फागूजी पाळीवर.

"योगराज, ये बाबू. घरी ये."

माझ्या खिशात टिक झालं.

घराची किल्ली नळीवर आपटत असेल, म्हणून मी स्कूटी थांबवली. त्यांनी परत हाक मारली. परत टिक. मी नळी बाहेर काढली. औषधाचा वास नाकात गेला. किडा उताणा, पाय आखडलेले, सोंड वाकडी. हजारो मारलेत मी, मेलेला मला कळतो.

"योगराज!"

पाय उलगडले. तो पालथा झाला आणि काचेवरून पाण्याच्या दिशेने चढू लागला. मी नळी उलटी फिरवली. तो वळला आणि पुन्हा तिकडेच चढू लागला. औषध जुनं झालं असेल, सोंडकिडे चिवट असतात, ही सगळी कारणं मला पाठ होती. तरी माझ्या अंगावर काटा आला. मी घाबरले होते.

"काऊन थांबलीस बाई?" दुर्पताबाईंनी विचारलं.

मी चपलांसकट पाण्यात उतरले. बूच काढलं आणि नळी त्यांच्या मडक्यात उपडी केली. तो तुरुतुरु तळाशी गेला आणि गप्प बसला. असला नर मला परत मिळणार नव्हता, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी मडक्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "तूच म्हनली ना, तिकडचा आहे म्हून?"

पाळीवरून फागूजी पाहत होते. माझ्या शब्दाशिवाय ते त्याला घरात घेणार नव्हते.

"फागूजी," मी ओरडून म्हणाले, "ओळखण्यात माझी चूक झाली. हा इथलाच आहे."