प्रश्न तिला विचारला होता

औषधवाल्याची बायको म्हणून सगळी गल्ली जिला ओळखायची, तिने आजी झाल्यावर घटस्फोटाचा अर्ज टाकला आणि घरात एकच गहजब उडाला. कारण काय, तर म्हणे नवरा बोलू देत नाही. मुलगा म्हणाला, "आई, या वयात?" बहिणीने तर फोनवरूनच झाडलं. "अगं, दारू नाही, मारहाण नाही, सोन्यासारखा माणूस. तुला काय धाड भरलीय?"

आता या सोन्यासारख्या माणसाचं ऐका. त्याचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईकाने "पोटात..." म्हणायचा अवकाश, की हा "जळजळतंय ना? जेवणानंतर घ्या," म्हणत गोळ्या काढून मोकळा. दुकानात ते खपून गेलं. उलट लोक कौतुक करायचे, काय हुशार माणूस, न सांगता ओळखतो! पण शटर ओढून घरी आला तरी याचं तोंड चालूच. शेजारीण जिन्यात विचारायची, "काय वहिनी, बरं आहे ना?" की हा आतून ओरडणार, "बरी आहे, जरा सर्दी आहे!" एकदा तिचा गुडघा धरला. डॉक्टरांनी विचारलं, कुठला? ती तोंड उघडतेय तोवर हा म्हणाला, "डावा." झालं. डाव्याचा एक्स-रे निघाला, डाव्याला पट्टा बसला, आणि उजवा बिचारा ठणकतच राहिला. तिने ब्र काढला नाही. समोरचा बोलायला लागला की आपलं वाक्य गिळायचं, ही सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती.

पाणी डोक्यावरून गेलं ते एका साध्या चहापायी. ती पडद्यांच्या दुकानात कापड कापायची. हात असा साफ की दहा हाती पडद्यातही झोल सापडायचा नाही. दुकानाची मालकीण एका रविवारी मुद्दाम घरी आली आणि म्हणाली, "आता कटिंगचं सगळं टेबल तुम्हीच सांभाळा. मुली तुमच्या हाताखाली देते. काय म्हणता?" ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आनंदाने तिचे कान गरम झाले होते. आणि औषधवाला बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाला, "नाही हो, तिला नाही झेपायचं."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मालकीण चहा पिऊन गेली. टेबल दुसऱ्या बाईला मिळालं. आणि दुसऱ्या दिवशी ही, जेवणाच्या सुट्टीत, वकीलबाईंच्या दारात.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "बोलू देत नाही, एवढ्यावर कोर्टात काय सांगू मी? दुसरी बाई आहे का?"

"छे! त्यांना वेळ कुठला? सगळा वेळ माझं बोलण्यात जातो."

वकीलबाईंना हसू फुटलं, पण त्यांनी ते दाबलं. "एखादी चापट तरी? रागाच्या भरात कधी? एकच लिहू."

"मारलं नाही तर कशाला लिहायचं? आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकणार आहे. ती संधी मी खोटं बोलण्यात घालवू होय?"

वकीलबाईंनी हात टेकले आणि जे होतं तेच लिहिलं.

कोर्टाने आधी दोघांना समेटासाठी मध्यस्थाकडे पाठवलं. मध्यस्थाला मराठी येत नव्हतं, आणि कोर्टाचाही सगळा कारभार इंग्रजीत. तिचं इंग्रजी म्हणजे दुकानापुरतं, कापड, माप, रंग, उद्या या. म्हणून मुलगा दुभाषा झाला. मध्यस्थाने तिला विचारलं की तुम्हाला नक्की काय हवंय. औषधवाला लगेच सुरू झाला, तिला काही नकोय, कुणीतरी कान भरलेत तिचे. मध्यस्थाने त्याला कसाबसा थांबवला आणि मुलाला खूण केली. ती मुलाकडे बघून एकेक शब्द नीट म्हणाली, "मला यांच्याबरोबर राहायचं नाही."

मुलाने घसा खाकरला आणि इंग्रजीत काहीबाही सांगितलं. त्यातला एक शब्द तिला लख्ख कळला, कारण दुकानातल्या मुली संध्याकाळी तोच म्हणायच्या. टायर्ड. आई थकली आहे.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "मी थकले असं म्हटलं होतं का रे?"

"आई, तसं तोंडावर सांगितलं असतं तर बाबांना काय वाटलं असतं? मी तुझ्या भल्यासाठीच..."

"बापावर गेलास," ती म्हणाली. "अगदी बापावर." आणि भर जिन्यात तिला रडू कोसळलं. दुःख कसलं, संतापाचंच रडू होतं ते. नवरा बोलू देत नाही म्हणून वकील केली, तर तिच्या वतीने वकीलबाई बोलणार. वकीलबाईंचं कोर्टातलं इंग्रजी तिला कळत नाही म्हणून मुलगा बोलणार. सगळे मिळून तिच्याबद्दल बोलणार आणि ही आपली मधे मुक्यासारखी बसणार. म्हणजे घरचंच सगळं, फक्त खुर्च्या कोर्टाच्या!

त्याच आठवड्यात तिने कायद्याच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि फळ्यावरचा खडू ओला व्हायचा. शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी कोर्टात साक्षी टाइप करायच्या. त्यांचं ऐकलेलं आणि पाहिलेलं इतकं होतं की कुणाच्या संसाराचं त्यांना नवल उरलं नव्हतं. बाकी विद्यार्थी म्हणजे नुकते पास झालेले वकील, दोन कारकून, आणि मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात भांडणारी एक नर्स. त्या सत्रात नेमका कुटुंबाचा कायदा होता. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी. तरुण वकील लांबलचक शब्द तोंडात घोळवून मिरवायचे. ही मात्र दुकानात कात्री चालवता चालवता शब्द पाठ करायची, आणि शेजारच्या मुली विचारायच्या, "मावशी, कुणाला शिव्या देताय?"

अर्ज करते ती पिटिशनर, हे तिने लगेच उचललं. मग मॅडमनी ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो त्याचं कायद्यातलं नाव फळ्यावर लिहिलं, रिस्पॉन्डंट, आणि म्हणाल्या, याचा अर्थ उत्तर देणारा. ती खुर्चीतून उठलीच. "मॅडम, आमचे हे उत्तरं देतात हे कायद्याला कुणी सांगितलं?" अख्खा वर्ग पोट धरून हसला. मॅडमही.

पण हसण्यावारी जाण्यासारखं सगळं नव्हतं. मॅडम दर शुक्रवारी लुटुपुटूचं कोर्ट भरवायच्या. पहिल्या शुक्रवारी ती साक्षीदार म्हणून उभी राहिली आणि नर्स विरुद्ध बाजूची वकील झाली. हिने छान सुरुवात केली. नर्सने मधेच "पण" म्हटलं मात्र, हिची बोलती बंद. नर्सने काही विचारलंही नव्हतं अजून!

"थांबलात का?" मॅडमनी विचारलं.

"त्या बोलायला लागल्या ना."

"मग?"

तिने पदर खोचला. पुन्हा उभी राहिली, पुन्हा तेच. चार शुक्रवार तेच. घरी जाताना तिला स्वतःचीच चीड यायची. नवऱ्याला नावं ठेवतेस आणि कुणी नुसता श्वास घेतला तरी गप्प बसतेस? उद्या खऱ्या कोर्टात त्याने असंच मधे तोंड घातलं आणि तू गप्प बसलीस, तर न्यायाधीश काय म्हणतील? म्हणतील, बाईची काही तक्रार दिसत नाही, जा घरी. आणि घरी म्हणजे त्याच घरी, हातात तोच ट्रे घेऊन, मरेपर्यंत. 

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "बाकीचं व्याकरण गेलं चुलीत. तुम्ही दोनच वाक्यं पक्की करा. प्रश्न कळला नाही तर, प्रश्न पुन्हा विचारा. आणि कुणी मधे बोललं तर, माझं बोलणं संपलेलं नाही."

"एवढ्यावर भागेल?"

"मी कोर्टात भल्याभल्यांना याच दोन वाक्यांपाशी अडखळताना पाहिलंय."

मग ही दोन वाक्यं इंग्रजीत रोज चालली. कापड कापताना, भांडी घासताना, आरशासमोर. नर्सला तिने सांगूनच ठेवलं, "तू मला जेवढं तोडता येईल तेवढं तोड, माझी दयामाया करू नकोस." नर्सनेही हौस फेडून घेतली. एका शुक्रवारी नर्सने मधे तोंड घातलं आणि ही टेबलावर हात आपटून असं काही "आय हॅव नॉट फिनिश्ड" म्हणाली, की खालून लाँड्रीवाला वर बघायला आला.

सुनावणीची खोली छोटीशीच होती. दोन टेबलं, न्यायाधीशांचं उंच बाक, टंकलेखक, आणि खिडकीत बंद पडलेला पंखा. न्यायाधीशांना सर्दी झाली होती, ते सारखे रुमाल काढत होते. मुलगा मागच्या बाकावर बसला होता. कोर्टाचा दुभाषा पुढे आला, तेव्हा तिने मान हलवून त्याला नको म्हटलं. वकीलबाईंनी तिच्या कानात कुजबुजून पाहिलं, "अहो, कशाला धोका घेताय?" तिने त्यांनाही दाद दिली नाही. ती साक्षीदाराच्या जागी जाऊन उभी राहिली. उजवा गुडघा ठणकत होता, तोच, पट्टा न बसलेला.

न्यायाधीशांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला. "बाई, आपलं नाव?"

औषधवाल्याने तिचं नाव सांगितलं.

अहो, खरंच सांगितलं! मुद्दाम केलं असतं तर गोष्ट वेगळी. त्याच्या गावीही नव्हतं. टेबलाशी बसल्या बसल्या, खिशातला पेन नीट करता करता, तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, वर स्पेलिंगसुद्धा. त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

"मी बाईंना विचारलं," न्यायाधीश म्हणाले.

"सॉरी, सॉरी," औषधवाला म्हणाला.

"बाई, तुम्ही काय काम करता?"

"काम असं नाही, हौस म्हणून पडदे..." औषधवाला पुन्हा सुरू झाला.

आणि ती थांबली. नेहमीची थांबली. जिभेवर आलेलं वाक्य घशात परत निघालं, अगदी रोजच्या वाटेने. मागे मुलगा मान खाली घालून बसलेला तिला दिसला. मग तिला ते कटिंगचं टेबल आठवलं, बशीतलं बिस्कीट आठवलं, आणि अशी काही तिडीक उठली डोक्यात!

"आय हॅव नॉट फिनिश्ड!"

खरं म्हणजे तिने सुरूही केलं नव्हतं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. टंकलेखकाचे हात थांबले. औषधवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"माझं संपलेलं नाही," ती इंग्रजीतच पुढे म्हणाली, आणि मग जी सुटली! व्याकरणाचे तीनतेरा वाजले, काळाचा पत्ता नाही, ही आणि हा यांची अदलाबदल झाली. पण कुणालाही सगळं कळत होतं. मी पडदे कापते, हौस म्हणून नाही, कामाला जाते. यांनी मला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. यांनी माझं प्रत्येक उत्तर दिलं. माझा दुखरा गुडघा यांनी ठरवला. माझ्या बढतीला हे नाही म्हणाले, मी तिथेच उभी होते. माझ्या मुलाला वाटतं आई थकली. मी थकलेली नाही. मला राग आलाय. खूप वर्षांचा राग आहे माझा, आणि तो मला माझ्या तोंडाने सांगायचा होता.

न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला. मग त्यांनी एक लांबलचक प्रश्न विचारला. त्यातलं निम्मं तिच्या डोक्यावरून गेलं.  मागे मुलगा चटकन अर्धा उठला, मदत करायला. तिने त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. तो खाली बसला.

"प्रश्न पुन्हा विचारा," ती इंग्रजीत म्हणाली.

न्यायाधीशांनी पुन्हा विचारला, हळू आणि सोप्या शब्दांत. हे नातं सावरेल असं वाटतं का? समजा हे बदलले तर?

तिने घाई केली नाही. कुणी मधे बोलत नव्हतं, म्हणून तिने खरोखर विचार केला, जसा कापडावर कात्री चालवण्याआधी करायची. मग म्हणाली, "बदलले तर त्यांचं भलं होवो. मी परत जाणार नाही."

न्यायाधीश टंकलेखकाकडे वळले. "पहिली दोन उत्तरं कुणी दिली ते नोंदीत आहे ना?" टंकलेखकाने मान हलवली. "मग अर्ज मंजूर करायला मला आणखी पुरावा नको. हुकूम लिहिण्याआधी एकच." ते औषधवाल्याकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

औषधवाला उठला. कोट सारखा केला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जन्मभर दुसऱ्यांची उत्तरं देणाऱ्या माणसाला स्वतःचं एक सुचेना.  मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आता तूच काहीतरी सांग, अशा नजरेने.

आणि तिला माहीत होतं त्याला काय म्हणायचंय ते. शब्दन् शब्द माहीत होता. मी वाईट माणूस नाही हो, मला वाटायचं मी तिची मदतच करतोय. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच.  ते वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, इंग्रजीतसुद्धा जमलं असतं.

तिने ओठ घट्ट मिटले आणि समोर बघत उभी राहिली. या वेळी प्रश्न तिला विचारला नव्हता.