मधोमध बेचा पाढा

आत्माराम, म्हणजे अण्णा, गेले त्याला सोळा दिवस झाले होते. जेसल पार्कच्या घरात समिधा धाकट्या भावाच्या, रोहितच्या कॉम्प्युटरवर वडिलांचा शेवटचा निरोप ऐकत होती. अर्धांगानंतर अण्णांची जीभ जड झाली होती, आणि बोलताना ते मधेच बेचा पाढा म्हणत. समिधा ट्रेनिंगसाठी कोल्हापूरला होती तेव्हा ते मोबाइलवर बोलून ठेवत आणि रोहित ते तिला मेलने पाठवी. हा निरोप तिने जेवणाच्या सुट्टीत एकदाच ऐकला, काही कळला नाही. घरी गेल्यावर विचारू, असं म्हणून सोडून दिला. दुसऱ्या सकाळी अण्णा गेले. त्यांनी तिला बोलावलं होतं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"यात पाढा कुठाय रे?"

"कापला. तुला साफ ऐकू यावं म्हणून. मधेच बे एके बे सुरू करायचे, ताई. भरकटायचे."

"भरकटलास तू. त्यांचा फोन आण."

अण्णांनी बारा वर्षं मोबाइलच्या टॉवरवर काम केलं. आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो, ते सांगत, आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध सव्वीस ठरलेल्या खुणा असतात. पलीकडच्या फोनला त्या आधीच पाठ असतात. इमारतींवर आपटून, मागेपुढे होऊन त्या कशा बिघडल्या हे त्याने पाहिलं, की बाकीचं कसं बिघडलं तेही कळतं आणि सरळ करता येतं. "मधोमध का?" तिने विचारलं होतं. "तिथून दोन्ही टोकं जवळ." वाणी जड झाल्यावर त्या माणसाने रडगाणं गायलं नाही. सगळ्यांना पाठ असलेला पाढा बोलण्याच्या मधोमध ठेवला.

फोनमध्ये अख्खा निरोप होता. समिधाने आधी नुसता पाढा ऐकला. सहा, सोळा, अठरा. स कुठे हवेत विरतो, र कसा ल होतो, शेवटचं अक्षर कुठे गिळलं जातं. पाचव्यांदा ऐकल्यावर ती निरोपाच्या सुरुवातीला गेली, आणि आता शब्द लागत गेले.

सुलूच्या स्वयंपाकघरात रेंज आली का, बघून सांग. मग पाढा. मग, घाई नाही, आल्यावर बघ.

रोहित खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "मी तेच कापलं," तो म्हणाला.

"जाऊ दे. चल, खारीत सुलूकडे जाऊन येऊ."

त्यांच्या घरी मासळी आणून देणारी सुलू खारीतल्या आपल्या घरी मासळी साफ करत होती. तिच्या घराभोवती चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या. रेंजसाठी तिला बोळाच्या तोंडाशी जावं लागे, म्हणून अण्णांनी आजारपणातही जुन्या सहकाऱ्यांच्या मागे लागून टॉवरच्या अँटेनाचं तोंड फिरवायला लावलं होतं.

"हाय ना आता," सुलू हात पुसत म्हणाली. "चुलीपाशी बसून बोलते. अण्णांना सांगायला येणार होते, गो."

समिधाने अण्णांचा फोन ओट्यावर ठेवला. रेंजच्या चार काड्या दिसत होत्या. तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"अण्णा, सुलूकडे रेंज आलीय," ती म्हणाली, मग थांबून बेचा पाढा पुरा म्हटला, आणि पुढे, "चार काड्या. चुलीपाशी."