बावन्न सेकंदांची चादर

अहवालाचा तिसरा मसुदा. पहिले दोन आमच्या गटाच्या कॅप्टनने परत पाठवले. भाषा घरगुती वाटते म्हणे.

प्रकल्पाची ओळख

हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री. खाली धुलाई, वर इस्त्रीचं लांबलचक यंत्र आणि यंत्राच्या तोंडाशी तपासणीचं टेबल. टेबलावर माझी मावशी. चादर उजेडात धरायची, डाग-फाटकं बघायचं, घडी घालून गठ्ठ्यावर ठेवायची. एकवीस वर्षं. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, आणि अख्ख्या लाँड्रीत बसून करायचं काम हे एवढं एकच.

(कॅप्टनचा शेरा: शेवटचं वाक्य काढ. याचा प्रकल्पाशी काय संबंध?)

संबंध असा की मी शिकायला मावशीकडेच राहते. आमच्या गटाला कुठलीच कंपनी दारात उभं करत नव्हती, तेव्हा तिनेच मालकांकडे शब्द टाकला. मालक म्हणाले, येऊ द्या पोरांना, फुकटचा सल्ला कोण सोडतो.

सिद्धांत

कामाच्या साखळीत एक जागा सगळ्यात हळू असते. माल तिथे तुंबतो. ती जागा शोधायची आणि मोकळी करायची, बाकी कुठेही हात घाला, उपयोग शून्य. या प्रश्नाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मला होते.

मापन

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. तीन दिवस, दीडशे चादरी. यंत्रातून दर तीस सेकंदांनी एक चादर बाहेर पडते. मावशीला एकीला लागत होते सरासरी बावन्न. तिच्या डाव्या हाताला ढीग चढत गेला. कॅप्टनने चारी बाजूंनी त्याचे फोटो काढले, जशी काही लॉटरीच लागली होती.

शिफारस

तपासणीचं टेबल बंद करावं. तपासणी इस्त्रीवाल्यांनी उभ्या उभ्या करावी, घडी यंत्राने घालावी. संबंधित कामगाराची योग्य फेरनियुक्ती करावी.

फेरनियुक्ती हा शब्द माझा. छान दिसला म्हणून घातला. मालकांनी त्याचा अर्थ लगेच लावला: बाईंना खाली पाठवू, मळके कपडे निवडायला. तिथे दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहावं लागतं. पहिल्या तारखेपासून करतो म्हणाले. सल्ला खरोखर अमलात आला तर वीस गुण वेगळे असतात. कॉलेजातून सोबत आलेल्या आमच्या मार्गदर्शक सरांनी तिथेच मान डोलावली.

हे कुठल्या मथळ्याखाली घालायचं?

त्या संध्याकाळी मावशी गुडघ्यांना मलम चोळत बसली होती. मालकांचा निर्णय तिच्या कानावर यायचा होता. हसत म्हणाली,

“एवढं हळू काम मी जन्मात केलं नव्हतं गं. कंबर भरून आली.”

मी विचारलं, हळू का केलंस?

“तुला लिहून नको घ्यायला? तुम्ही वह्या घेऊन उभे, आणि मी आपलं फटाफट उरकलं तर शिकणार काय, कप्पाळ?”

म्हणून ती प्रत्येक चादरीचा कोपरा न् कोपरा माझ्याकडे वळवून दाखवत होती. मला वाटलं, हीच तिची पद्धत. इतकी वर्षं तिच्या घरात जेवले, पण तिला काम करताना त्याआधी पाहिलंच नव्हतं.

मर्यादा

सर म्हणाले, मोजमापात असं थोडंफार व्हायचंच, एक ओळ घाल मर्यादांमध्ये. कॅप्टन म्हणाला, आता माघार घेतली तर वीस गुण बोंबलले, शिवाय मुलाखतीत सगळे याच प्रकल्पाबद्दल विचारणार, तेव्हा काय सांगायचं, चुकून मोजलं? मी शेवटी एकटीच मालकांकडे गेले. ते रागावले नाहीत. सोमवारी माझ्यासमोर परत मोजा, म्हणाले, बाईंचा हात चालला तर टेबल राहील.

याहून सरळ काय असतं?

रविवारी दुपारी वाटाणे सोलताना मी मावशीला सगळं सांगितलं. फेरनियुक्तीही. तिने मान वर केली नाही. उद्या तुझ्या नेहमीच्या वेगाने कर, एवढंच मी म्हटलं. तिने एकच विचारलं.

“माझं भरभर झालं, तर तुझं काय होईल?”

काही होणार नाही, म्हणायचं होतं. तीन शब्द. मी शेंगा सोलत राहिले. ताटातल्या शेंगा संपल्या, आणि मावशी उठून आत गेली.

दुसरं मापन

दहा चादरी. मालक, सर, कॅप्टन, इस्त्रीवाले, सगळे टेबलाभोवती.

पहिली चादर चोवीस सेकंदांत. हात दिसले नाहीत, घडीच दिसली. एक इस्त्रीवाला म्हणाला, बाईंचा हात असाच आहे. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

माझ्या चेहऱ्यावर तिने काय वाचलं, ते मला माहीत नाही.

माहीत आहे.

दुसरी चादर अडतीस. तिसरी पंचावन्न. पुढे सगळ्या तशाच. कोपरा उचलायचा, बघायचा, पुन्हा बघायचा. माझा अंगठा बटणावर होता आणि बटण दाबण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. पाचव्या चादरीला मालकांनी विचारलं, बाई, दमलात का?

“वय झालं, साहेब.”

मी तोंड उघडलं. सर माझ्याकडे बघत होते. मी सहावा आकडा लिहिला.

दहाव्यानंतर मालकांनी सरासरी मागितली. एक्कावन्न आली. कॅप्टन माझ्या कानाशी वाकून म्हणाला, पहिली चादर बाकीच्यांत बसत नाही, असा आकडा अपवाद धरून गाळतात, पुस्तकातच आहे. पुस्तकात आहे, हे खरं. गाळली की चोपन्न.

मावशी तोवर उठली होती. मालकांनी खालची जागा दाखवायला एका बाईला सोबत दिलं, आणि दोघी जिन्याकडे निघाल्या. मावशी कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून.

मालकांनी विचारलं, “किती झाली म्हणालीस?”

“चोपन्न,” मी म्हटलं.