हळ्ळीखेडच्या शाळेतली जोडपट्टी

मी एक जुनी जोडपट्टी आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, कारण माझ्यासारखी दुसरी कुणी बनवलीच नाही. हळ्ळीखेडच्या मल्लप्पा सुतारांनी सागवानी चौकटीला तीन खाचा पाडल्या आणि मुकुंदराव मास्तरांनी त्यांत पुठ्ठ्याच्या पट्ट्या बसवल्या. मधल्या पट्टीवर इंग्रजी शब्द, डावीवर त्यांच्या आधी लागणारी अक्षरं, उजवीवर नंतर लागणारी. डावी सरकवली की 'हॅपी'चं 'अनहॅपी' होई. उजवी सरकवली की 'प्ले'चं 'प्लेइंग'.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. शाळेतली उर्दू मागे पडली होती, पण इंग्रजीची धास्ती तशीच होती. मुलांनी पहिल्या वर्षी मला डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या वर्षी कपाटावर टाकलं. मला वाईट वाटलं, पण मुलांचं असंच असतं.

मला खाली काढलं ते सुशीलाबाईंसाठी. तिशीतल्या विधवा, उर्दूत शिकलेल्या. मॅट्रिक झाल्या तर शिक्षिकेची नोकरी मिळणार होती. इंग्रजीत दोनदा आपटल्या होत्या. दीर हणमंतप्पांनी बजावलं होतं, "औंदा न्हाई जमलं तर पुस्तकं बांधून ठेवा, वैनी."

"मास्तर, किती शब्द पाठ करू? ध्यानात राहीनात," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"पाठ कामून करायलाव? हजरचं गैरहजर, ईमानचं बेईमान, हे कुणी पाठ करून घेतलं तुमच्याकडून?"

सुशीलाबाई थबकल्या. "कुणीच न्हाई."

"मग हितंबी तसंच हाय."

त्या रोज शाळा सुटल्यावर येऊ लागल्या. भीड चेपली तशी हाताला येईल त्या शब्दाला 'अन' लावत सुटल्या. एकदा 'गुड'लाही लावलं.

"त्याला न्हाई लागत," मास्तर हसले. "कामून, ते मलाबी ठावं न्हाई."

सुशीलाबाईंच्या बोटांनी माझ्या पट्ट्यांच्या कडा झिजल्या. त्या झिजण्याचा मला आनंदच होता.

त्या पास झाल्या. नेमणूक चिंताकीला झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी मला पदरानं पुसलं आणि बराच वेळ मांडीवर धरून ठेवलं.

"घेऊन जावा की," मास्तर म्हणाले. "तुमचीच हाय ती आता."

त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "राहू द्या, मास्तर. हितं अजून कुणीतरी नापास हाय."

मित्रांनो, आता माझी उजवी पट्टी फाटली आहे. पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि कात्री एवढंच पुरेल. तेवढं करा, आणि मला कपाटावर नका ठेवू, शेवटच्या बाकावर द्या.