ठरवून भेटायचं नाही

या शहरात सुशीची दुकानं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना भात शिजवता येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. गेलं वर्षभर दर शनिवारी नव्या दुकानात जाऊन मी जिभेचे हाल करून घेते आहे. कुठे भात फ्रीजमधून थेट पानात येतो, कुठे मासा खोडरबरासारखा लागतो. एका ठिकाणी तर सुशीवर चीज किसून घातलं होतं. मी ते तसंच टाकून उठले आणि घरी येऊन पाव खाल्ला.

हे वेड मला सासूबाईंनी लावलं. म्हणजे माजी सासूबाईंनी. त्यांना नवी कवळी बसवली तेव्हा काही चावता येईना, म्हणून एका दुपारी मी त्यांना हट्टाने सुशी खायला घेऊन गेले. जाताना रस्ताभर "कच्चा मासा म्हणजे मांजराचं जेवण" असं चाललं होतं. पहिला घास तोंडात गेला आणि बाईंनी दुसरा उचलला. मग म्हणाल्या, "मांजरं शहाणी असतात."

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही दोघी शहर धुंडाळायचो. त्यांची पद्धत सोपी होती. आधी दारात उभं राहून वास घ्यायचा. माशाचा वास आला की पाय मागे, कारण ताज्या माशाला वास नसतो. आत गेल्यावर पहिल्यांदा अंड्याची गोडसर वडी मागवायची. जो अंडं नीट करत नाही तो मासा काय करणार, असं त्यांचं म्हणणं. आणि भात अंगाइतका कोमट हवा. अशा गाळणीतून शेवटी दोनच दुकानं उरली. एक जिन्यावरचं, ते त्यांच्या गुडघ्यांनी बंद केलं. दुसरं छापखान्यामागच्या गल्लीतलं. तिथला आचारी सतत रुसल्यासारखा असायचा, म्हणून त्याचं नाव आम्ही रुसूबाई ठेवलं होतं. नवऱ्याला सुशीचा वाससुद्धा सहन होत नसे. तो घरी मॅच बघायचा आणि आम्ही गेलो म्हणून खूश असायचा.

आमचं का फिसकटलं ते उगाळण्यात अर्थ नाही. कोणी कोणाला फसवलं नाही, दोन माणसं एकमेकांना कंटाळली. वकीलबाईंनी सगळ्याची चोख वाटणी करून दिली. घर त्याला, गाडी मला, वॉशिंग मशीन त्याला, कपाट मला. सासूबाईंचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्या आपोआप त्याच्या वाट्याला गेल्या, आणि मला त्यांच्याबद्दल कुणी विचारलंही नाही. नवरा गेल्याचं मला फारसं वाटलं नाही. सासूबाई गेल्याचं फार वाटलं. पण हे कुणाला सांगणार? सासू सुटली म्हणून मैत्रिणींनी माझं अभिनंदन केलं होतं.

एकदा एकटी रुसूबाईकडे गेले. आचाऱ्याने दोन पानं मांडली, माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "आई कुठायत?" इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता. मी पैसे ठेवून बाहेर पडले. परत तिकडे पाऊल टाकलं नाही. नवं दुकान शोधू, आपलं एकटीचं, असं ठरवलं आणि या भातांच्या तोंडी लागले.

तीनेक महिने असे वाया गेल्यावर बस डेपोजवळ, लाँड्री आणि चप्पल दुरुस्तीवाल्याच्या मध्ये चिणलेलं एक दुकान दिसलं. दारात उभी राहिले. वास नाही. आत गेले तर ओट्याच्या टोकाला पाठमोरी एक बाई अंड्याची वडी खात होती. राखाडी स्वेटर, मानेवर तोच घट्ट अंबाडा. मी तिथेच थबकले, कारण हाक काय मारायची ते कळेना. आई म्हणायचा हक्क कोर्टाने काढून घेतला होता. काकू म्हणायला जीभ वळेना.

त्याच वळल्या. "बस. भात चांगला आहे," त्या म्हणाल्या, जणू मी हात धुवायला गेले होते.

मी शेजारी बसले. त्यांच्या चष्म्याची डावी दांडी वर आली होती. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, मला ते बघवेना. "हा कुठून केलात?"

"मॉलमधून. तुझ्या दुकानात कशी येणार?"

"का नाही येणार? मी काय चावते?"

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "त्याने शब्द घेतलाय माझ्याकडून. तुला फोन करायचा नाही. तुझ्या घरी, दुकानात जायचं नाही. ठरवून भेटायचं नाही. मी तुझी बाजू घेते म्हणतो."

"घेता का?"

"घेते की. म्हणून तर शब्द द्यावा लागला."

माझ्या डोक्यात सणक गेली. चाळिशीची मी, सत्तरी ओलांडलेल्या त्या, आणि आमच्यावर शाळेतल्या पोरींसारखी बंदी. मी म्हटलं, "आई, त्याला सरळ सांगा, हे चालणार नाही म्हणून." तोंडातून आई निघून गेलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण माझ्या पानात आल्याच्या चकत्या वाढल्या.

"सांगू आणि जाऊ कुठे? त्याच्याच घरात राहायचंय मला. वाईट नाही गं तो. औषधं वेळेवर देतो, पाय चेपतो. दुखावलाय, एवढंच. आणि खोटं मला बोलता येत नाही, तोंडावर लगेच दिसतं."

"मग आज काय सांगाल?"

"तो शब्द नीट बघ. ठरवून भेटायचं नाही. विम्याचे क्लेम तपासतो ना दिवसभर, तसाच शब्द घातला त्याने. हेतुपुरस्सर, ठरवून, समजून उमजून." त्यांनी एक घास शांतपणे संपवला. "आज आपलं कुठे काही ठरलं होतं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्या दुपारी आम्ही पोटभर जेवलो. मी त्यांच्या नाकावरून चष्मा काढून दांडी सरळ करून दिली. त्यांनी शेजारणीच्या कुत्र्यापासून डॉक्टरच्या हस्ताक्षरापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढली. मला इतकं बरं वाटत होतं की उठताना मी सहज म्हणाले, "मग पुढच्या शनिवारी इथेच."

"झालं," त्या म्हणाल्या. "नासवलंस."

"काय झालं?"

"ठरवलंस ना. आता मला इथे येता येणार नाही. तूही येऊ नकोस. तू इथे येतेस हे माहीत असून मी आले तर ते ठरवून आल्यासारखंच."

"आई, अहो, एवढं एकच चांगलं दुकान सापडलंय."

"मग दुसरं शोध. मीही शोधते." पर्स काखेत मारून त्या बसकडे चालू लागल्या. मला त्या बाईचा इतका राग आला की मी बराच वेळ लाँड्रीच्या काचेतले दुसऱ्यांचे कोट बघत उभी राहिले. सरळ हो म्हणायचं नाही, सरळ नाही म्हणायचं नाही. मुलगा तसा आणि आई तशी, मध्ये माझं मरण.

पण राग किती दिवस पुरणार. पुढच्या शनिवारी मी निघालेच.

आता शोधण्याची रीत बदलली आहे. आधी मी चांगलं दुकान शोधायचे, आता त्या जातील असं दुकान शोधते. पायऱ्या नकोत. बस बदलावी लागता कामा नये. खुर्चीला पाठ हवी. वाद्यसंगीत मोठ्याने नको. पण मग वाटतं, मी असा विचार करणार हे त्यांना ठाऊक असणार, म्हणजे त्या मुद्दाम भलतीकडे जातील. की मी तसं धरून चालेन हे ओळखून पुन्हा सरळ जातील? अशी मी तर्काला तर्क जोडते आणि चुकीच्या दुकानात गार भात खात बसते. त्याही कुठेतरी तेच करत असणार. चष्म्याच्या दुकानातली माझी सोबतीण म्हणते, तुला सुशीची भारीच आवड.

महिने गेले. एकदाही गाठ पडली नाही. शहर मोठं आहे याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा, आता त्याची चीड येते. कधी वाटतं, जावं डेपोजवळच्या त्या दुकानात, नाहीतर रुसूबाईकडे, आणि बसावं. पण तिथे त्या येणार नाहीत. दिलेला शब्द त्या मोडणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. कधी वाटतं, त्या शोधतच नसतील. गुडघे बळावले असतील आणि मला कळवायला कुणी नसेल.

आज रुग्णालयासमोरच्या दुकानात आले आहे. दारातच माशाचा वास आला. सासूबाई इथे पाय ठेवणार नाहीत हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण बसथांबा अगदी समोर आहे, उंबरठाही नाही, आणि आज फार ऊन आहे, दमलेलं माणूस कुठेही टेकतं. मी दाराकडे तोंड करून बसले. अंड्याची वडी रबरी निघाली. भात दाताखाली कचकचला. मासा मी बळेच गिळला.

समोर बस येऊन थांबली, माणसं उतरली. वेटर बिल आणू का म्हणून विचारायला आला. मी म्हटलं, नको, आणखी एक प्लेट आणा.